गाडीखालची सून

चार वर्षांत मी आमच्या गावातली माणसं पायांवरून ओळखायला शिकले. करकर वाजणारी कोल्हापुरी म्हणजे शेजारचे ट्रॅक्टरवाले. पांढरे कॅनव्हासचे बूट म्हणजे निवृत्त गुरुजी. एकाच पायावर भार देऊन उभं राहणारे सोसायटीचे माजी चेअरमन. ते गाडीभोवती उभे राहून चहा प्यायचे आणि मी गाडीखाली बारदानावर उताणी पडून त्यांच्या जाण्याची वाट बघायचे.

गाडी माझ्या सासऱ्यांची. मी त्यांना मामा म्हणते, आमच्या गावात, लासुर्ण्यात, त्यांना तात्या म्हणतात. साखर कारखान्यात ते फिटर होते. कारखान्याची जुनी यंत्रं इंग्लंडची, त्यांचे बोल्ट इंचाच्या मापाचे, म्हणून मामांकडे इंची पान्यांची पेटी होती. मुंबईहून एक सल्लागार इंजिनिअर कारखान्यावर यायचे, त्यांची दोन सीटची, बिनटपाची इंग्लिश गाडी एकदा आवारातच बंद पडली. मिलिमीटरच्या पान्यांनी तिच्या बोल्टांचे कोपरे झिजवायला दोघातिघांनी सुरुवात केली होती, तेवढ्यात मामा पेटी घेऊन पोचले. पुढे ती गाडी तेच बघायचे. साहेब थकले तेव्हा त्यांनी ती मामांनाच देऊन टाकली. गर्द हिरवी, कमरेएवढ्या उंचीची, उसाच्या ट्रॉलीच्या शेजारी उभी केली की खेळण्यातली वाटावी अशी. गावात हसण्याचा विषय होती, पण हसायला येणारे सगळे आधी तिच्यावर हात फिरवून घ्यायचे.

माझं माहेर वडगाव निंबाळकरचं. बारामतीत मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. लग्नाच्या बायोडाट्यात तो ठळक अक्षरात होता. लग्न झाल्यावर त्याचा उल्लेख कुणी केला नाही, मीसुद्धा नाही. आला दिवस ढकलायचा म्हटलं की ढकलता येतो.

मामांच्या हातांना कंप सुरू झाला तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा गाडीच्या शेडमध्ये बोलावलं, ते टॉर्च धरायला. मग म्हणाले, "तुझा हात बारीक हाय, तिकडनं घाल बरं आत." डिस्ट्रिब्युटरच्या मागे एक नट होता, तिथे मामांचा हात जायचाच नाही आणि गेला तर थांबायचा नाही. माझा गेला. मी तो नट बोटांनी चाचपून सोडवला तेव्हा मामा नुसते "हं" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी झाल्याबरोबर पुन्हा हाक आली.

नवऱ्याची नोकरी एमआयडीसीत, शिफ्टची. त्याला गाडीत काडीचा रस नाही. "तात्यांचा जीव रमतोय ना, मग बस," एवढंच त्याचं म्हणणं. माझा जीव कुठे रमतो हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर मला खोटं बोलता आलं नसतं, कारण तो तिथेच रमायला लागला होता. बांगड्या काढायच्या नाहीत असा सासूबाईंचा दंडक, म्हणून मी मनगटावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून बांगड्या दाबून ठेवायचे. ओढणी डोक्यावरून घेऊन मागे गाठ. जुन्या गॅस्केटवरून सांध्यात बसवायचं पुठ्ठ्याचं नवीन गॅस्केट कापायला शिकले. दोन कार्बुरेटर एकसारखे लावायचे तर रबरी नळीचं एक टोक कानात आणि दुसरं त्यांच्या तोंडाशी धरून हवेचा आवाज ऐकावा लागतो. मामांना आता ऐकू कमी येतं. ते विचारायचे, "कोण जास्त वरडतंय?" मी सांगायचे, "डावा." आणि स्क्रू पाव फेरा फिरवायचे. डिप्लोमाच्या तीन वर्षांत मला इंजिन कळलं नव्हतं, ते त्या नळीतून कळलं.

गाडीखाली लपण्याची पद्धत कुणी ठरवली नाही. एकदा मी खाली सायलेन्सरची पट्टी आवळत होते आणि अचानक माणसं आली. डोक्यावरची ओढणी सरकलेली, तोंडाला काळं ग्रीस, अशा अवताराने पाच पुरुषांच्या पायांमधून सरपटत बाहेर येणं मला काही जमेना. मामा खाकरले. मी पडून राहिले. वर कुणीतरी म्हणालं, "तात्या, हात कापत्यात तुमचं, तरी बी गाडी कशी लख्ख ठिवलीया!" आणि मामा म्हणाले, "सवय हाय हाताला."

तेवढंच. खोटंही नव्हतं ते पुरतं. पण तेव्हापासून मामा खाकरले की मी खाली जायचं, असं होऊन बसलं. त्यांनाही सोपं आणि मलाही, असं मी स्वतःला सांगायचे. खाली ऑइलचा वास नाकात बसायचा, डोळ्यांत गंजाचा चुरा पडायचा. खोकला आला की ओढणीचा बोळा तोंडात. माणसं निवांत बसायची, निघता निघायची नाहीत. एकदा तर त्यांनी माझ्या डोक्यावर बसून ऊसतोडीच्या पाळीवरून दीड तास भांडण केलं आणि माझी स्वयंपाकाची वेळ टळली, त्याबद्दल सासूबाईंची बोलणी मी वेगळी खाल्ली. राग मला मामांचा यायचा आणि त्याहून जास्त माझा. चार फूट सरकलं की उजेड होता, आणि मी सरकत नव्हते.

मग डिप्लोमाच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर ती जाहिरात आली. इंदापूरजवळच्या एका खासगी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या वर्गाला शिकवायला माणूस पाहिजे. डिप्लोमा आणि कामाचा अनुभव. मी जाहिरात तीनदा वाचली, फोन पिठाच्या डब्यावर ठेवला आणि पोळ्या करपवल्या. अर्जात अनुभव चार वर्षं असा लिहिला. कुठे, या रकान्यात काय लिहावं कळेना, शेवटी लिहिलं: घरी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार, संपूर्ण दुरुस्ती. त्याला पुरावा म्हणजे एकच माणूस. त्यांना मी दोनदा विचारलं, "मामा, एवढं लिहून देता का, की गाडीचं काम मी केलं?" दोन्ही वेळा ते म्हणाले, "बघू." आमच्या घरात बघू म्हणजे काय हे मला सांगायला नको होतं.

त्या दिवशी गाडीची पुढची चाकं बाभळीच्या ठोकळ्यांवर होती आणि मी खाली स्टिअरिंगच्या सांध्याला ग्रीस भरत होते. मामा खाकरले. करकरती कोल्हापुरी आली, आणि तिच्यासोबत काळे पॉलिश केलेले बूट, जे मी कधी पाहिले नव्हते. त्यांचा आवाज शहरी होता. दोनचार वाक्यांत कळलं की हे पूर्वी मामांच्याच कारखान्यात इंजिनिअर होते आणि आता इंदापूरच्या त्या आयटीआयचे प्राचार्य आहेत. माझ्या हातातली ग्रीसगन छातीवर टेकली ती तशीच राहिली.

त्यांनी गाडीची फेरी मारली, बॉनेट उघडायला लावलं आणि बराच वेळ वाकून बघितलं. मग म्हणाले, "तात्या, तुमच्या सूनबाईंचा अर्ज आलाय आमच्याकडे. चार वर्षं ह्या गाडीचं काम केलं असं लिहिलंय. म्हटलं, तुम्हालाच विचारावं."

मामांचे पाय माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर होते. डावी टाच थरथरत होती.

"पोरी लिवत्यात हो काय बी," मामा म्हणाले. "पाना उचलून देती मधनं आधनं. तेवढंच."

ग्रीसगन मी हळूच खाली ठेवली. चार वर्षांचा माझा कान, माझी बोटं, नखांतलं काळं, सगळं त्या एका वाक्यात पाना उचलून देण्यापुरतं झालं. आणि ते खोडायला मी जिथे पाहिजे होते तिथेच होते, फक्त पाठीवर पडलेली, वर पाऊण टन लोखंड.

ट्रॅक्टरवाले म्हणाले, "तात्या, चालू तरी करून दावा सायबांना." मामा घाईने म्हणाले, "इंजिन नगं. ठोकळ्यावर हाय. हारन वाजवून दावतो." खाली मी आहे याची एवढी काळजी त्यांना होती. गाडीची बॅटरी चार्जिंगला दिलेली होती. ट्रॅक्टरवाले लगबगीने जाऊन आपल्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून घेऊन आले, सीटमागच्या खणात ठेवली आणि वायरी उचलल्या. "काळी बॉडीला," ते स्वतःशीच म्हणाले, "आन् तांबडी हितं. व्हय ना तात्या?"

"व्हय. लाव," मामा म्हणाले.

ही गाडी जुन्या काळची. तिच्यात बॅटरीचं प्लस टोक, म्हणजे तांबडी वायर, बॉडीला जोडतात, आपल्या ट्रॅक्टरच्या, जीपच्या बरोबर उलट. शेडमध्ये पाय ठेवल्यावर मामांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट ही होती, आणि ती माझ्याकडून दहादा म्हणून घेतली होती. त्यात पेट्रोलचा पंप मी महिन्यापूर्वीच बसवला होता. इंग्लंडहून मुंबईच्या दुकानात आणि तिथून कुरिअरने बारामतीला यायला त्याला पाच महिने लागले होते. आत इलेक्ट्रॉनिक कार्ड. उलटा करंट आणि हॉर्नसाठी किल्ली फिरवली की पंप गेला. मामा कसे विसरले? की पाहुण्यांसमोर गोंधळले? त्यांची टाच अजून हलत होती. मी त्यांच्या खाकरण्याची वाट बघितली, काहीतरी म्हणतील याची वाट बघितली. वर क्लिपचा कडकड आवाज झाला.

गप्प राहिले असते तर पंप जळला असता आणि का जळला ते कुणाला कळलं नसतं. मला वाटलं, जळू दे. खरंच वाटलं. मग तोंडातून शब्द निघून गेले.

"काळी नको. तांबडी बॉडीला लावा. ह्या गाडीला उलटं असतं."

ट्रॅक्टरवाल्यांचे पाय दोन पावलं मागे गेले. "कोन हाय खाली?" ते म्हणाले. प्राचार्य पँट आवरत खाली बसले आणि चाकाच्या बाजूने वाकून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. नमस्कार करावा की काय ते सुचेना. पडल्यापडल्या हात जोडले असते तर ते फार वाईट दिसलं असतं.

"सूनबाई हाय," मामा म्हणाले.

मग ते बोलायला लागले आणि थांबेनात. "सायेब, मगा म्या खोटं बोललो. समदं हिनं केलंय. कारबुरेटर हिनं लावलं. पंप हिनं बसिवला. वायरिंगचा एक धागा माझ्या हातचा न्हाय. माझं हात गेल्यापास्नं ह्या गाडीचा एक नट म्या फिरिवला न्हाय." एकेक पार्ट घेऊन ते सांगत होते, कुठला कधी काढला, कुठल्याला किती वेळ लागला. त्यांना सगळं आठवत होतं. मी विसरले होते तेही. खाली पडल्यापडल्या माझे डोळे वाहायला लागले आणि कानात पाणी गेलं. हेच ऐकायला मी चार वर्षं त्या बारदानावर पडले होते.

"म्हनून हात जोडून सांगतो," मामा म्हणाले, "हिला नेऊ नगा. ही गेली तर मी काय करू दिसभर?"

प्राचार्य उठले नाहीत. तसेच उकिडवे बसून मला म्हणाले, "तुम्ही सांगा. येणार का?"

मी सरकत बाहेर आले. ओढणी नीट करायचा प्रयत्न केला तर तिलाही ग्रीस लागलं. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्यांनी मान खाली घातली. ट्रॅक्टरवाले दुसरीकडे बघत होते. मामा माझ्याकडे बघत होते. त्यांचे दोन्ही हात कापत होते आणि ते लपवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. नाही म्हणणं तेव्हा किती सोपं होतं. चांगली सून म्हणून गावात नाव झालं असतं, आणि उद्या भाकरी झाल्यावर हाक आली असती.

"येते," मी म्हणाले.

आता मी रोज सकाळी एसटीने इंदापूरला जाते. वर्गात पंचवीस मुलगे आणि दोन मुली आहेत. ते मला मॅडम म्हणतात, आणि मी वाकून इंजिनात हात घातला की सगळे जवळ येऊन बघतात. मामा माझ्याशी बोलतात. काय भाजी आणू, पाणी किती वाजता सोडणार, असं. गाडीबद्दल बोलत नाहीत. रविवारी मी विचारते, "मामा, बघू का काही?" ते म्हणतात, "ऱ्हाऊ दे, दमली असशील."

मी डबा भरत असते तेव्हाच ते शेडमध्ये जातात. मी घरातून निघते त्या वेळेला तिकडून फरशीवर पाना पडल्याचा आवाज येतो. मग तो उचलल्याचा, आणि पुन्हा पडल्याचा. मी अंगणात चप्पल घालून उभी राहते. त्यांनी हाक मारली तर माझी बस चुकेल हे मला माहीत आहे. ते हाक मारत नाहीत.