क्वामेचा गुडघा

कोल्हापूर सोडलं तेव्हा मला निरोप द्यायला अख्खी तालीम एसटी स्टँडवर आली होती. गाडी हलली तरी माझा मोठा भाऊ खिडकीला धरून चालत होता. "करमलं न्हाई तर सरळ निघून ये. तालीम हाय की आपली!" बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. पेठेचा फुटबॉल संघ, गणपती, भांडणं, सगळं तिथेच.

सिंगापूरला आयटीतली नोकरी मिळाली, सेंगकांगला फ्लॅट मिळाला; फुटबॉलवर हुज्जत घालायला माणूस मिळेना. मग आमच्याच ब्लॉकमध्ये क्वामे राहायला आला. घानाचा, इथल्या एका क्लबचा बचावपटू. समोरच्याच्या पायातून बॉल असा अलगद काढायचा की मी स्टँडमध्ये उभा राहून शिट्ट्या मारायचो. प्रेक्षकांनी त्याच्या नावाचं गाणं केलं होतं. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, लोक त्याला धड जेवू देत नसत, आधी सेल्फी. माझा मुलगा त्याची जर्सी धुवायलासुद्धा काढत नसे. शनिवारी क्वामे आमच्याकडे तांबडा रस्सा ओरपायचा आणि मी फुशारकी मारायचो, आमच्याकडे खेळाडू थकला तरी तालमीच्या कट्ट्यावरची त्याची जागा जात नाही. पोरांना शिव्या घालायचा पहिला मान त्याचाच.

मग त्याचा गुडघा गेला. क्लबने करार वाढवला नाही, आणि करारासोबत इथे राहायचा पासही संपला. त्याची मुलगी जन्मली इथेच, शाळेत जायची तीही इथेच. पण ते कोण बघतो? पुढच्याच सामन्यात स्टँडमधून तेच गाणं आलं, फक्त नाव नव्या बचावपटूचं. माझा मुलगाही गात होता. मी डोळे वटारले तर म्हणाला, "ही कान्ट रन ऑलरेडी लाह, पप्पा." त्याला आता पळता येत नाही, विषय संपला.

क्वामेने मला एवढंच विचारलं, तुझ्या तालमीत पोरांना शिकवायला ठेवतील का? मी छातीठोकपणे हो म्हटलं आणि त्याच्यासमोरच स्पीकर लावून दादाला फोन केला. दादा आता तालमीचा अध्यक्ष आहे.

"खेळतोय न्हवं अजून?" दादाने विचारलं.

"नाही रे, गुडघा गेलाय. पण पोरांना छान शिकवेल."

"आरं, मग त्येला घिऊन आमी काय करू? आमास्नी तरणा डिफेंडर पायजे. तसला कोण असला तर धाड की."

क्वामेला मराठी येत नव्हतं, तरी दादाचा सूर ओळखून त्याने माझा खांदा थोपटला. मला त्याचाही राग आला. चांगी विमानतळावर क्वामे, त्याची बायको आणि मुलगी, तिघांना सोडायला मी एकटाच होतो.

माझाही पास नोकरीवरच टिकून आहे. पेठेतल्या मित्रांनो, तुम्ही फोनवर विचारता, घरी कधी येणार? येईन की. हातपाय धड आहेत तोवर दरवर्षी येईन, सगळ्यांना चहा पाजीन, तुम्ही मिठ्या माराल. तेवढ्यालाच मी आता घर म्हणतो. थकल्यावर मात्र माझी वाट पाहू नका.