बाबांचा आखाडा आणि मधली भिंत

माझा बाप आखाड्याचा उस्ताद होता, आणि तो जिवंत असेपर्यंत त्याच्या आखाड्यात मी एकदाही पाय ठेवला नाही.

बाईमाणसानं आखाड्याच्या मातीत यायचं नाही. बालाघाटात तेव्हा हे कुणाला सांगावंही लागत नसे.

आज बाबांची तिथी. त्यांना जाऊन पन्नासच्या आसपास वर्षं झाली. त्यांना ओळखणारं फेसबुकवरच काय, बालाघाटातही आता कुणी उरलं नसेल. तरी लिहिते.

आई मी लहान असतानाच गेली. घरात आम्ही दोघंच. बाराव्या वर्षी मला मुदतीचा ताप आला. उतरला, पण हातापायातलं बळ घेऊन गेला.

विहिरीवर दोर हातातून सुटायचा. बादली धाडकन खाली. बायका एकमेकींकडे बघायच्या.

"हिचं कसं होईन आता?" आत्या म्हणाली. बाबांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला आखाड्याच्या मागच्या बोळात, भिंतीला लागून उभं केलं आणि स्वतः आत गेले. वरच्या झरोक्यातून आवाज आला.

"पोतं भिजव. आता पीळ. अजून पाणी हाय त्याच्यात, पीळ!"

हा पहिला धडा. मग दांडक्याला दोरी, दोरीला वीट. हात समोर ताठ धरून दांडकं फिरवत वीट वर गुंडाळायची, आणि तितकीच सावकाश खाली सोडायची. मनगटापासून कोपरापर्यंत नुसती आग.

शेवटी पोटऱ्या. हाताचे पंजे भिंतीला टेकवायचे, पायाचे चवडे विटेच्या कडेवर, टाचा हवेत.

"टाच वर... थांब... हळू सोड. आपटू नोको!"

बोळातून जाणारी पोरं ओरडायची, "ए पहलवानिन, कुश्ती लड़ेगी क्या?"

मी भिंतीकडे तोंड करून रडायचे. टाचा मात्र वर.

तोवर बाबांचा आखाडा रिकामा झाला होता. कुणी भिलाईला नोकरीला लागलं, कुणी भरवेलीच्या खाणीत. आत एकटे उस्ताद, बाहेर बोळात त्यांची एकुलती एक चेली. आता हसू येतं. तेव्हा यायचं नाही.

मला एवढंच हवं होतं, की त्यांनी एकदा बाहेर यावं आणि माझ्या बाजूला उभं राहावं. बस्स. लोक हसतायत, हात जळतायत, आणि हा माणूस आतून नुसता हुकूम सोडतोय!

मधेच त्यांचा आवाज बंद व्हायचा.

"बाबा, झोपले का?"

बऱ्याच वेळानं उत्तर. "नाही वं. खाटेवर पडलो हावो. तू कर."

"काहून बोलत नाही मंग?"

"मी बोललो का तुयी पोटरी बनते? कर मुकाट्यानं."

मग मी रागारागानं करायचे.

पुढच्या उन्हाळ्यात भरलेली बादली एका दमात वर आली. पळत सांगायला गेले. "हौ," म्हणाले. इतकंच. माझं तोंड एवढंसं झालं.

पुढे लग्न होऊन मी वारासिवनीला गेले. काही वर्षांनी बाबा गेले.

आखाड्याची जागा दुसऱ्याची होती, रिकामी करून द्यायची होती. धाकटे काका म्हणाले, "माती वैनगंगेत सोडून येऊ. चाल, तू बी लाव हात."

"मी? अंदर?"

"आता आखाडाच नाही राह्यला, पोरी. कायची मनाई?"

आत गेले. सगळ्यात आधी खाट शोधली. मला ती मोडायची होती, खरं सांगते.

खाट नव्हतीच.

"उस्ताद कुठी आखाड्यात खाट ठेवते का?" काका म्हणाले.

मी बाहेरून जिथे पंजे टेकवायचे, त्याच जागी आतून चुन्यावर दोन मोठे पंजे उमटले होते. तेलानं, घामानं काळे पडलेले. खाली रोवलेली वीट, कडेला झिजलेली.

मी काकांकडे बघतच राहिले.

"तुले ठाऊक नाही? उस्ताद सोता केल्याबिगर चेल्याले मेहनत देत नाही. तू भाईर करत होती तवा भाऊ अंदर करे. गुडघे गेलते त्याचे. दम लागला का असाच भीत धरून उभा राहे."

त्या पंज्यांवर माझे पंजे ठेवले आणि भिंतीला डोकं टेकून पोटभर रडले.

एकदा सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, बाबा? एका विटेच्या अंतरावर होतात तुम्ही, आणि तुम्ही जाईपर्यंत मी समजत राहिले की त्या बोळात मी एकटी होते.

एकटी तर मी आता आहे. मुलं दूर, हे गेले. गुडघ्यांसाठी डॉक्टरनं टाचा वर करायला सांगितल्यात, रोज भिंत धरून करते. पलीकडे कुणी नाही.

उस्ताद, तुमच्या चेलीचा नमस्कार घ्या.