जास्वंदीला खोबरेल

बिबवेवाडीच्या त्या सोसायटीत गणपतीला संकष्टीचा हार आनंदीबाईंच्या जास्वंदीचा, हे ठरलेलं होतं. आरती कोण सांगणार यावरून तिथे भांडणं व्हायची, हारावरून कधीच नाही. मग समोरच्या फ्लॅटमध्ये जरीनाबाई राहायला आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या विज्ञानाच्या शिक्षिका. त्यांची कुंडीतली जास्वंद अशी काही फुलली, की एका संकष्टीला सेक्रेटरी बजरंगराव परस्पर तिकडूनच फुलं घेऊन आले.

तेव्हापासून आनंदीबाईंच्या पोटात जे दुखायला लागलं, ते ओवा खाऊन थांबणारं नव्हतं. रोज चहाचा कप धरून त्या पडद्याआडून समोर बघायच्या. हिचीच पानं एवढी कशी चकाकतात? काहीतरी लावत असणार. सांगणार थोडीच आहे! येत्या अंगारकीला हार आपलाच, असं मनाशी ठरवून बाईंनी खोबरेल तेलाची बाटली काढली आणि नातीच्या केसांना चोपडावं तसं पान न् पान वरून-खालून चोपडून काढलं.

दोन-चार दिवस झाड झकास दिसलं. मग रस्त्यावरची धूळ त्या तेलावर बसली, ती हटेना. पानं पिवळी पडली, कळ्या गळाल्या. अंगारकी उजाडली, तर झाडावर एक फूल नाही.

सकाळीच जरीनाबाई परडी घेऊन दारात. समोरून त्यांना सगळं दिसतच होतं. पानावर बोट फिरवून त्या म्हणाल्या, "अहो आनंदीबाई, झाडाचा स्वयंपाक पानात होतो. पानातला हिरवा रंग ऊन धरतो, मुळं पाणी पोचवतात आणि खालच्या बाजूच्या बारीक छिद्रांतून हवा आत येते. त्यातून साखर तयार होते, तिच्यावर झाड जगतं. तुम्ही छिद्रं बुजवलीत आणि धुळीनं ऊन अडलं. उपाशी आहे ते."

"मग तुमची पानं कशानं चमकतात?"

"ओल्या फडक्यानं पुसते. बाकी काही नाही."

इतकं साधं! आनंदीबाईंना उलट जास्तच राग आला. त्यात जरीनाबाईंनी फुलांनी भरलेली परडी पुढे केली. "हार तुमच्याच हातचा होऊ द्या. फुलं कुणाची, ते सांगायची काही गरज नाही."

नको म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण परडी घेतली.

तासाभरात हार चढला. बजरंगराव हात जोडून मागे वळले. "वा, काकू! शेवटी तुमच्या फुलांची सर जरीनाबाईंच्या फुलांना नाही!"

कित्येक महिने हेच ऐकायला आनंदीबाई आसुसल्या होत्या. ऐकलं, आणि अंगाची नुसती लाहीलाही झाली.