ढिला अँटेना
पाहुण्यांसाठी कपबशा काढताना कपाटात वायफायचा जुना अँटेना दिसला आणि माझा खांदा ठणकला. त्या दिवशी ऐरोलीच्या एका ऑफिससाठी सुनेची मुलाखत आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर होती आणि नेट सारखं जात होतं. टेबलाखाली ठेवलेल्या सीपीयूच्या मागचा अँटेना ढिला झाला होता. मुलाने तो दोनदा आवळला, तरी लोंबलाच. "जाऊ दे ना, तुला कशाला हवी नोकरी?" तो सुनेला म्हणाला. मी टेबलाखाली शिरले आणि अँटेना दाबून धरला. नेट आलं. मुलगा वाकून कुजबुजला, "आई, ऊठ, जेवायला वाढ." "तुला हात आहेत. घे वाढून." मुलाखत संपेपर्यंत मी अँटेना सोडला नाही. सुनेला नोकरी लागली. आज मुलगा पाहुण्यांना सांगत होता, "बायकोला मीच पुढे आणलं." मी तो अँटेना त्याच्या चहाच्या कपाशेजारी नेऊन ठेवला.