एसीतली वसुबारस

दुबईत आमच्याकडे स्कॉटलंडची एक ठेंगणी हायलंड गाय, तिचं वासरू आणि दोन याक होते. हे मी पूर्ण गांभीर्याने सांगते आहे.

नव्वदच्या दशकात ह्यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, रास अल खोरला जनावरांच्या खाद्याचा धंदा होता. हौसेने थंड मुलखातली जनावरं पाळणारं एक गिऱ्हाईक देश सोडून निघालं आणि ह्यांना दया आली. (ह्यांना दया आली की काम मला लागतं.) शहराबाहेर भाड्याने मळा घेतला, गोठा बांधला आणि त्याला दोन एसी बसवले. आमच्या करामा भागातल्या फ्लॅटच्या हॉलला एकच होता!

त्याच वर्षी सासू-सासरे सांगलीहून कायमचे राहायला आले. सासरे टीव्हीपुढे रमले. सासूबाई मात्र दिवसभर खिडकीशी बसून असायच्या. त्यांचं मन लागेना आणि ते बघून आम्हालाही घास गोड लागेना. दिवाळी जवळ आली तसं त्यांनी जाहीर केलं, "वसुबारसेला गाय-वासराची पूजा माझी कधी चुकली नाही. इथे जमणार नसेल तर माझं तिकीट काढा."

"आई, अगं आपल्या घरची गाय आहे!" हे म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी त्यांना मळ्यावर नेलं. गाईच्या डोळ्यांवर केस, कानांवर केस, पार गुडघ्यांपर्यंत केस.

"हिचं तोंड कुठल्या बाजूला आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"आजी, इट्स अ कार्पेट विथ हॉर्न्स," आमची लेक म्हणाली.

सासूबाई हसल्या नाहीत. "वासरू हिचंच ना? मग गायच," त्या म्हणाल्या. मला इतका आनंद झाला की ओळखीतल्या तमाम मराठी बायकांना मी आमंत्रण देऊन बसले!

वसुबारसेच्या संध्याकाळी बायका नऊवारी नेसून, ताटं सजवून मळ्यावर उतरल्या. बाहेर उकाडा मी म्हणत होता आणि गाय आत एसीखाली बसून होती. तिला ओढलं, ढकललं, हिरवा चारा दाखवला. शेवटी गोठा सांभाळणाऱ्या खानभाईंनी हात झटकले. "मॅडम, बाहर नहीं आएगी. खलास!"

मग आम्हीच आत गेलो. एसीच्या वाऱ्याने निरांजनं विझली. एसी बंद केले, तर गाय हंबरली. त्या आवाजाने दोन्ही याक उठले, शांतपणे चालत आले आणि पहिल्या दोन ताटांतले झेंडूचे हार खाऊ लागले. "अगं बाई, रेडे!" कोणीतरी किंचाळलं आणि सगळ्या जणी नऊवारी सावरत गाड्यांकडे पळाल्या. त्यांच्या मागोमाग बिथरलेलं वासरूही बाहेर सुटलं!

गोठ्याबाहेरच्या वाळूत सासूबाई तेवढ्या उभ्या राहिल्या, हातात ताट धरून. त्यांचे डोळे भरून आले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"राहू दे गं," त्या हळूच म्हणाल्या. "तिकीटच काढा."

इतक्यात ते वासरू धावत येऊन मला चिकटलं आणि माझा पदर तोंडात घेऊन चोखू लागलं. नवी कोरी पैठणी!

"सोड रे, सोड!"

"तुला कसं काय ओळखतं हे?" सासूबाईंनी विचारलं.

"त्याची आई त्याला जवळच येऊ देत नाही. मीच रोज येऊन बाटलीने दूध पाजते."

सासूबाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. मग डोळे पुसले. "हलू नकोस. पाजते ती आई. पूजा तिचीच."

"अहो आई, काहीतरीच काय! बायका बघतायत!"

"बघू देत. आणि गाय काय मध्ये मध्ये बोलते का?"

त्यांनी वासराच्या पायांवर पाणी घातलं, मग माझ्या. दोघांना कुंकू लावलं, फूल वाहिलं, ओवाळलं. उडदाचा वडा माझ्या तोंडाशी धरला. मी तो मुकाट्याने खाल्ला. ते पाहून गाड्यांतल्या बायका एकेक करून उतरल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या! शेवटचे वडे मला गिळवेनात.

परतताना गाडीत सासूबाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी वडे जरा लहान करू." तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही.

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण सासूबाईंनी मला इतक्या प्रेमाने ओवाळलं ते त्या दिवशी. त्यासाठी मला फक्त गाय व्हावं लागलं!