माझ्या फोटोला हार

चित्रपटात माझी कारकीर्द सुरू झाली तेव्हा मी आधीच मेलेलो होतो.

यावरून आमच्या घरात अजून वाद आहे. माझं म्हणणं असं की मी चित्रपटात मेलो नाही. चित्रपट सुरू व्हायच्या आधीच मी गेलेलो होतो. चित्रपटात मरणं वेगळं आणि मरून चित्रपटात येणं वेगळं. हा फरक एखाद्या वकिलाला लगेच कळेल. आईला कळत नाही.

आईची अट होती. ती का होती, तेही सांगतो. पाचवीत असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी सैनिक झालो होतो. छातीवर कुंकवाचं पाणी ओतून मी स्टेजवर पडलो. टाळ्या पडायच्या ऐवजी बायकांच्या बाजूनं आई उठली, पायऱ्या चढून वर आली आणि मला दंडाला धरून म्हणाली, "ऊठ बाप्पा, खाली गार लागते." मी डोळे न उघडता म्हणालो, "माय, थांब नं, आताच मेलो मी." पूर्ण शाळा हसली. पुढची दोन वर्षं मला सगळे 'आताच मेलो' म्हणून हाक मारत.

त्यामुळे बी.ए. होऊन मी घरी बसलो असताना मंगरूळपीरला सिनेमावाले आले आणि मी तिकडे चकरा मारू लागलो, तेव्हा आईनं मला समोर बसवलं.

"काम भेटलं तं कर. मी नाही म्हनत नाही. पन त्यात मरू नको."

"माय, ते खोटं असते."

"खोटंबी नको. माह्या डोक्यावर हात ठेव. मेला तं पुन्हा शूटिंगचं नाव काढाचं नाही."

मी हात ठेवला. बाबा तिथंच तुरीच्या शेंगा सोलत होते. ते म्हणाले, "त्याले काम देनारा कोन हाय? तू उगाच डोकं पुढं करून राह्यली."

पण काम मिळालं. गोष्ट अशी होती की एका घरातला मोठा मुलगा अपघातात गेलेला आहे, चार दिवसांवर बहिणीचं लग्न आहे, आणि बापाला काही सुचेनासं झालं की तो भिंतीवरच्या मुलाच्या फोटोशी बोलतो. हा मुलगा मी. फोटोशिवाय मला जुन्या आठवणीचा एक जिवंत प्रसंगही होता. बहिणीला मोटरसायकलवर मागं बसवून कॉलेजात सोडायचं आणि वळणावर मागं बघून हसायचं. मी घरी फक्त हा जिवंत प्रसंग सांगितला.

पहिल्यांदा हसलो तेव्हा मोटरसायकल बंद पडली. दुसऱ्यांदा मोटरसायकल चालली, हसू विसरलो. तिसऱ्यांदा दोन्ही जमलं आणि मी हसतहसत एका कडब्याच्या गंजीत शिरलो. बहीण झालेली मुलगी उडी मारून वाचली. ती पुण्याची होती. अंगावरचा कडबा झटकत ती दिग्दर्शकांना म्हणाली, "सर, हा मेलाय ना आधीच? मग राहू द्या ना."

दिग्दर्शकांना ते पटलं. जिवंत प्रसंग गेला, फोटो उरला.

फोटोचं काम मात्र मी जीव तोडून केलं. म्हणजे फोटोनं केलं. मी कॅमेऱ्याच्या मागं चहाचा कप घेऊन उभा असायचो आणि समोर बापाचं काम करणारे मोठे नट माझ्या फोटोपुढं हुंदके द्यायचे. त्यांना चार चार रिटेक लागले. माझ्या फोटोला एकही नाही. शेवटच्या दिवशी सामान सांभाळणारे काका म्हणाले, "हे घेऊन जा. दुसऱ्याचा फोटो आम्हाला काय कामाचा?"

फ्रेम चांगली माझ्या कमरेएवढी होती आणि तिला चंदनाचा हार होता. पंख्याच्या वाऱ्यानं तो सारखा घसरायचा म्हणून काकांनी चारी बाजूंनी बारीक खिळे ठोकले होते. हातानं निघेना. एस.टी. लागलेली होती. म्हटलं, आपल्या थांब्यावर उतरून बघू.

कारंज्याची गाडी होती, खच्चून भरलेली. मी फ्रेम छातीशी धरून वर चढलो आणि गाडी एकदम गप्प झाली. बाकावर पसरलेला एक माणूस उठून उभा राहिला. कंडक्टर, जे मला कॉलेजच्या दिवसांपासून रोज हाकलायचे, ते म्हणाले, "बसा भाऊ, बसा आरामात." आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला मान दिला होता, आणि तो नाकारण्याएवढा मी मोठा नव्हतो.

शेजारी एक म्हातारपणाकडे झुकलेल्या बाई होत्या, मांडीवर मेथीची पिशवी. त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोन व्हय बाप्पा?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण मागच्या बाकावरच्या दोघी पुढं वाकल्या होत्या, कंडक्टर तिकिटं फाडायचे थांबले होते, आणि तीन आठवडे मी नुसता भिंतीवर लटकलेलो होतो.

"भाऊ," मी म्हणालो.

"तोंडावळा तं तुह्यासारखाच हाय."

"जुळे होतो."

"अगागा. कायनं गेला?"

मग मी अख्खा चित्रपट सांगितला. मोटरसायकल, कॉलेज, बहीण, वळण. चार दिवसांवरचं लग्न. बाप भिंतीशी कसा बोलतो, तेही उभं राहून करून दाखवलं. पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. मागच्या दोघींनी पदर डोळ्याला लावले. मलाही रडू आलं, आणि ते खरं होतं, कारण इतकं चांगलं मी पुन्हा कधी करणार नाही हे मला तेव्हाच कळलं होतं.

बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. फोटो निरखून म्हणाल्या, "लय देखना होता पोरगा. तुह्यापेक्षा उजळ होता जरासा."

मला माझाच हेवा वाटला.

"कोनाचा तू?" त्यांनी विचारलं.

इथं मी फसलो. चित्रपटातल्या मुलाला गाव नव्हतं, आडनाव नव्हतं. मला काही सुचेना, म्हणून मी माझ्याच गावाचं आणि बाबांचं नाव सांगून टाकलं. बाईंनी मान हलवली. त्या पुढं धनजला जात होत्या. धनजला माझी आत्या दिलेली आहे, हे मला थांब्यावर उतरल्यावर आठवलं. पण धनज काय लहान गाव आहे का, असं म्हणून मी थांब्यामागं बसलो, खिशातल्या घराच्या किल्लीनं खिळे उपसले, हार पिशवीत कोंबला आणि नुसता फोटो घेऊन घरी गेलो.

आईला म्हटलं, "सिनेमावाल्यांनी भेट देली."

आई हरखली. पदरानं काच पुसली. मी खिळा शोधत पुढच्या खोलीत गेलो. आजोबांच्या फोटोशेजारी एक रिकामा खिळा होता, तिथं अडकवायला लागलो तर तिनं फ्रेम हातातून ओढून घेतली.

"तिथं नाही. थो गेलेल्याइचा कोपरा हाय. काही समजते का तुले?"

तिनं फोटो टीव्हीच्या वर लावला. जेवताना दोनदा वर बघितलं. म्हणाली, "चांगला दिसतं रे तू. मेला नाही नं त्यात?"

"नाही," मी म्हणालो. आणि ते अक्षरशः खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीत होतो. तोंडाला साबण. बाहेर फाटकापाशी रडण्याचा आवाज आला. आमच्याकडे मयताच्या घरी आलेली बाई फाटकापासूनच हंबरडा फोडते, त्यामुळे तो आवाज चुकत नाही. फटीतून पाहिलं. पहिल्या गाडीनं आत्या आली होती. आई चुलीवरची भाकर तशीच टाकून धावली. आत्या रडत आली म्हणजे आत्याचे मालकच गेले, असं तिला वाटलं. दोघी गळ्यात गळा घालून रडायला लागल्या. एक माझ्यासाठी, एक आत्याच्या मालकासाठी.

"कवा गेले वं?" आई म्हणाली.

"मले काय इचारतं? तुह्या घरची गोष्ट."

"माह्या घरची कायची?"

"एवढा पोरगा गेला अन् आमाले कळवलं नाही. गाडीतल्या बाईच्या तोंडून कळा लागलं."

तेवढ्यात बाबा गोठ्यातून आले. त्यांनी दोघींकडे पाहिलं आणि विचारलं, "काय झालं? फोन काहून नाही केला?"

"मौतीचं का फोनवर इचारते कोनी?" आत्या म्हणाली.

मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो. दुसरा इलाज नव्हता. कानात साबण, डोळे लाल. आत्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तिचं रडणं मधेच तुटलं. "हा कोन व्हय?" ती म्हणाली. जुळ्याची गोष्ट तिच्यापर्यंतही आली होती, आणि क्षणभर तिला खरंच शंका आली की भावानं एक पोरगा आपल्यापासून लपवून ठेवला की काय. मग तिनं मला ओळखलं. कसं ओळखलं, ते माझ्या पाठीला माहीत आहे. तिनं वहाण काढली होती.

बाबा तेवढं बघून परत गोठ्याकडे वळले. जाता जाता म्हणाले, "जित्ता असून कोनता तुरीच्या सोंगनीले वावरात येते हा? मेला काय अन् राह्यला काय."

आई आत जाऊन टीव्हीवरच्या फोटोकडे बघत होती. फ्रेमच्या लाकडाला चारी बाजूंना बारीक भोकं होती. काल तिला ती दिसली नव्हती.

"हार कुठी हाय?" तिनं विचारलं.

मी पिशवीतून काढून दिला. माझा वकिली मुद्दा तयार होता की मी आधीच मेलेलो होतो, शब्द मोडला नाही. तिनं तो ऐकूनसुद्धा घेतला नाही. हार चुलीत घातला, वर पाण्याचं पातेलं ठेवलं. चंदनाचा म्हणून दिलेला हार साध्या लाकडाचा निघाला. सुगंध वगैरे काही आला नाही, धूर मात्र घरभर झाला. पाणी तापलं तसं ती म्हणाली, "चाल. डोक्यावरून घे."

"माय, आताच केली आंघोळ."

"थे जित्त्याची होती. ही मौतीची."

आत्यानं तांब्या धरला, आईनं पाणी ओतलं. तेविसाव्या वर्षी दोन बायकांनी अंगणात मला आंघोळ घातली. पाणी संपलं तरी आईनं माझ्या डोक्यावरचा हात काढला नाही. तोवर मला गंमत वाटत होती. ती तिथं संपली.

दोन महिन्यांनी सिनेमावाल्यांचा फोन आला. नवीन चित्रपट होता. यावेळी जिवंत माणूस, चांगली चार वाक्यं, मोटरसायकल अजिबात नाही. मी अंगणातच उडी मारली. आईनं हात पुढं केला. मी फोन दिला.

"शेवटपर्यंत राह्यते का थो?" तिनं विचारलं.

पलीकडचा असिस्टंट सभ्य होता, त्यानं खरं सांगितलं. मध्यंतराच्या आधी विहिरीत पडतो. मावशी, गोष्टीची तशी गरज आहे, असं म्हणाला.

"आमालेबी गरज हाय त्याची," आई म्हणाली, आणि फोन माझ्या हातात दिला. बंद करून नाही, चालू. पुढचं काय बोलायचं ते माझ्यावर सोडलं होतं. मी बराच वेळ नुसता 'हॅलो हॅलो' करत राहिलो. मग म्हणालो की घरी तुरीचं काम आहे.

यावर बाबांनी पहिल्यांदा माझ्याकडे आदरानं पाहिलं आणि हातात विळा दिला.

तो पहिला चित्रपट नंतर मोबाइलवर आला. मी सगळ्यांच्या आधी बघितला. नटांच्या खांद्यामागून माझा फोटो तीनदा दिसतो. काचेवर दिव्याची चमक आहे, त्यामुळे चेहरा कळत नाही. हार मात्र स्वच्छ दिसतो. आईनं तो चित्रपट पाहिलेला नाही.

दसऱ्याला ती घरातल्या सगळ्या वस्तूंना झेंडूचे हार घालते. ट्रॅक्टर, मोटरसायकल, मोटारपंपाचा स्टार्टर, शिवणयंत्र, गेल्या वर्षी मिक्सरलाही घातला. टीव्हीलाही घालते. त्याच्या वर माझा फोटो असतो, तिथं आली की फुलांची टोपली खाली ठेवते, बोटाला काजळ घेते आणि काचेवर माझ्या गालापाशी एक तीट लावते. गेल्या दसऱ्याला मी म्हटलं, "माय, मी इथं उभा हाय, मले लाव नं."

"तुले काय होते?" ती म्हणाली. "मरते थो."