यंगच्या चेरी आणि विश्नेवस्कींचं गाव

माझ्या ग्रॅज्युएशनला पुण्याहून आलेली आई मंगळवारी परत जाणार होती, आणि मला तोमेकशी लग्न करायचंय हे अजून माझ्या तोंडून निघालं नव्हतं. "मित्र आहे, गाडी आहे त्याच्याकडे," एवढंच सांगितलेलं. म्हटलं, चला यंगला, चेरीच्या बागांच्या गावाला, चेरी तोडायला! गोड खाता खाता बोलू.

शनिवारी सकाळी आमच्या उपनगरातून, वेंटवर्थव्हिलहून, निघालो. तेव्हा आम्ही देशी मुलं सगळीच पीआरसाठी, म्हणजे इथे कायमचं राहता यावं म्हणून, अकाउंटिंग शिकायला आलेली, शिफ्ट बुडवणं म्हणजे पाप. मी दोन बुडवल्या. ह्यूम हायवेने गोलबर्न, पुढे यासनंतर उजवीकडे. चहापाणी धरून पाच तास. गोलबर्नच्या अवाढव्य सिमेंटच्या मेंढीसमोर आईने फोटो काढून घेतला, तोमेकने मी लोणी लावून भरवलेले डब्यातले चार धपाटे हाणले.

गाडी सुरू होते न होते तोच आईने विचारलं, "आडनाव काय रे तुझं?"

झालं! मी दुभाषी.

"विश्नेवस्की," तो म्हणाला. "विश्नेवो गावचे ते विश्नेवस्की. पोलिशमध्ये विश्न्या म्हणजे चेरी."

आई सीटवर उडालीच. "अगंबाई! म्हणजे आपलं 'कर'च की! आपण आंबेगावकर, हे चेरीगावकर!"

मी तर हवेतच! वाटेतलं बोरोवा गाव कधी मागे गेलं कळलंही नाही.

बागेत बादली मिळते. तोडाल तेवढ्याचे वजनावर पैसे, झाडाखाली खाल्लेलं फुकट. टोपी न्याच, माश्या नाकातोंडात जातात. आई ओढणी कमरेला बांधून दोन्ही हातांनी खात होती. आणि तेवढ्यात या शहाण्याला सत्य आठवलं. "काकू, विश्न्या म्हणजे ही चेरी नाही. ती आंबट असते."

मी भाषांतर न करता त्याच्या पायावर पाय दिला, पण तेवढं इंग्रजी आईला कळलं.

आईने बी थुंकून टाकली. "आंबट? मग तू चिंचोलीकर. गाव पाहिलंयस?"

"नाही. आजोबा बोटीने आले. त्या नावाची गावं ढीगभर, आमचं कुठलं तेही माहीत नाही. तुम्ही आंबेगाव पाहिलंत?"

आई इतकी हसली की बादली लवंडली. "नाही रे बाबा!"

सांडलेल्या चेरी गोळा करता करता मी सगळं सांगून टाकलं.

"मला काय डोळे नाहीत?" आई म्हणाली. "नुसत्या मित्राला कुणी धपाट्यावर लोणी लावून भरवतं का? बाबांशी बोलते."

परतीचे पाच तास मी आरशातून आईकडे बघत होते.

रविवारी दुपारी आईने कॉलिंग कार्डावरचा नंबर खरवडून पुण्याला फोन लावला. मी दाराआड, ओंजळीत चेरी.

"अहो, जावई बघितला. आडनाव? चिंचोलीकर समजा. नाही हो, गाव नाही पाहिलेलं त्याने. आपण तरी कुठे पाहिलंय? हे दोघं लग्नाला तिकडे येतील तेव्हा सगळे मिळून आंबेगावला जाऊ. हो, गाडी तोच चालवेल."